बंद व्हायची राहून गेलेली नळी

सायलीकडे जायचं ठरलं ते आठ दिवसांसाठी. राहिले सव्वा महिना. परत आल्यापासून गुहागरात भेटेल तो विचारतो, वेरूळ पाहिलंत का, अजिंठ्याला गेलात का. दोन्ही राहिलं. लेण्यांच्या मुलखात जाऊन लेणी न बघता आलेली ही पहिलीच बाई, असं आमचे हे चारचौघांत सांगतात. मी म्हणते, जे पाहिलं ते तरी ऐका. पण तेवढं ऐकायला कुणाला सवड नसते, म्हणून लिहून काढते आहे.

सायली आमची एकुलती एक. लहान मुलांच्या हृदयाची डॉक्टर झाली. आधी मुंबईला शिकली, पुढचं दक्षिणेत, आणि आता वर्षभर छत्रपती संभाजीनगरातल्या एका रुग्णालयात आहे. आमचा घरचा कोकमाचा आणि आगळाचा, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचा, धंदा. उन्हाळा लागला की मला मान वर करायला वेळ नसतो, म्हणून गेल्या जानेवारीत निघाले. बागेचं शिंपणं असतं म्हणून हे घरीच राहिले.

कोरडी हवा

उतरल्याबरोबर जाणवला तो उजेड. आमच्याकडे उजेड माडांतून, पोफळींतून गाळून येतो. इथं तो सरळ अंगावर. लांबवर पिवळट टेकड्या, त्यांच्यावर झाड असं नाहीच. दोन दिवसांत माझ्या टाचा फुटल्या, नाक सुकलं, आणि खोबरेल तेलाची बाटली सकाळी बघते तर आत दगड. पाटीवर शहराचं नवं नाव, रिक्षावाल्याच्या तोंडात जुनं, आणि एकच माणूस एका वाक्यात दोन्ही नावं घेतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

नळाला पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येतं आणि त्या दिवशी अख्खी गल्ली घरी थांबते. ज्या बाईच्या दारात विहीर आहे तिला हे कळायला वेळ लागतो. मी पहिल्याच दिवशी सवयीनं अंगणात सडा टाकला, तर घरमालकीणबाई धावत आल्या. रागावल्या नाहीत. हातातून बादली काढून घेतली आणि चहा दिला.

रविवारी सायलीनं मला मकबरा दाखवला आणि तिथून जुन्या वस्तीत नेऊन नान खलिया खाऊ घातला. नान आपल्या पावापेक्षा मऊ, वर पिवळी तकाकी. खलिया म्हणजे मटणाचा रस्सा, वर तवंग. मला वाटलं जाळ लागेल, पण तिखटापेक्षा मसाल्याचा वासच जास्त. वाढणाऱ्या काकांनी मला खाला, म्हणजे मावशी, म्हटलं आणि आणखी एक नान न विचारता ताटात टाकला.

सायलीनं एक नियम मात्र आल्याआल्या सांगून ठेवला होता. दवाखान्यातलं घरी विचारायचं नाही. ज्यांचं मूल आजारी आहे त्यांची ती गोष्ट आहे, ती मी सांगायची नाही, असं तिचं म्हणणं. पटलं. पण पोरगी दिवसभर नक्की करते काय हे बघायला मी एवढ्या लांब आले होते, त्याचं काय करायचं?

बाकावर

डबा विसरून जायची तिची जुनी खोड. मी तो घेऊन रिक्षानं दवाखान्यात गेले आणि लहान मुलांच्या विभागाबाहेरच्या बाकावर बसले. शेजारी एक तरुण बाई, तिच्या मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी, आणि पलीकडे डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी. मुलगी पेल्यातलं दूध पीत होती. दोन घोट घ्यायची, थांबायची, श्वास घ्यायची, परत दोन घोट. कपाळावर घामाचे थेंब. थंडीचे दिवस होते, मला शालीतही गार वाटत होतं.

मी विचारलं आणि ती बाई सांगायला लागली. ती ज्योती. नवरा गणेश वाळूजला कंपनीत, बिऱ्हाड बजाजनगरात. पलीकडची म्हातारी म्हणजे सासू, गयाबाई. त्या करमाडला शेतावर राहतात, नातीसाठी आल्या होत्या. नातीचं नाव ईश्वरी. सारखा खोकला, सारखा ताप, वजन वाढत नाही, चार पावलं चालली की कडेवर घे म्हणते. बरेच डॉक्टर झाल्यावर कुणीतरी इथं पाठवलं. इथल्या मॅडमनी सांगितलं, हृदयाजवळची एक नळी बंद व्हायची राहिली आहे.

ज्योतीनं माझा हात धरून ईश्वरीच्या छातीवर ठेवला. मांजर मांडीवर बसून घुरघुरतं ना, तसं तळव्याला लागलं. मी हात पटकन काढला आणि मग पुन्हा ठेवला.

गयाबाई म्हणाल्या, "डॉक्टरीन लई लहान पोरगी हाय. अशा पोरीच्या हातात लेकरू द्यावं का नाय, कळंना."

मी डब्याचं झाकण घट्ट करत राहिले. तेवढ्यात दार उघडून सायली बाहेर आली, मला बघून म्हणाली, "आई, तू कशाला आलीस?" आणि डबा घेऊन आत गेली. मग ज्योतीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. गयाबाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे वळून सरळ विचारलं, "तुमची लेक हाय. खरं सांगा, तिचा हात कापतो का?"

काय सांगायचं? तिला काम करताना मी पाहिलेलं नाही. मला आठवलं तेच सांगितलं. तिच्या आजोबांना दिसायचं कमी झालं तेव्हा ती लहान होती. ताटात मासा आला की त्यांच्या शेजारी बसून काटे काढून द्यायची. मोदकं असो नाहीतर पालू, कितीही काट्यांचा मासा असो, त्यांच्या घशात तिच्या हातचा काटा कधी गेला नाही. गयाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं."

घरी आल्यावर मी सायलीला म्हटलं, नाव कुणाचं नको, नुसती नळी सांग. ती हसली. पण मग भाकरी थापता थापता तिनं नीट समजावून दिलं. पोटातलं बाळ श्वास घेत नाही, त्याची फुफ्फुसं मिटलेली. म्हणून रक्तानं तिकडे न जाता आडवाटेनं शरीरात जावं यासाठी एक छोटी नळी असते. बाळ जन्मून रडलं की थोड्या दिवसांत ती आपली आपण मिटते. एखाद्याची मिटायची राहते. मग शरीराकडे निघालेलं रक्त तिच्यातून परत फुफ्फुसात शिरतं. फुफ्फुसं जड होतात, आणि हृदय बिचारं तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलत राहतं.

"म्हणजे पाटाचं तोंड बुजवायचं राहिलं," मी म्हटलं. आमच्या बागेत असं झालं की पाणी शेजाऱ्याकडे जातं आणि आपल्या पोफळी सुकतात.

तसंच, ती म्हणाली. बुजवायची रीत अशी. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर हृदयापर्यंत न्यायची आणि तिच्यातून बारीक तारांच्या जाळीची एक गुंडी पुढे सरकवायची. जागेवर पोचली की ती अळंबीसारखी फुलते आणि वाट बंद होते. छाती उघडायला लागत नाही. आणि गुंडी तिथून सुटली तर? या माझ्या प्रश्नावर तिनं भाकरी उलटली आणि एवढंच म्हणाली, सुटेल अशी सोडायची नाही.

परत काढलेली गुंडी

ठरलेल्या दिवशी ज्योतीनं मला सोबत बसायला बोलावलं. ईश्वरीला आत नेताना तिचे पैंजण काढले, ते गयाबाईंनी मुठीत धरले. गणेश भिंतीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या घालत होता. ज्योती सरळ बसून दाराकडे बघत होती. मी एकदा बाटलीतलं पाणी पुढे केलं, तर तिला दिसलंच नाही.

सायली हिरव्या कपड्यांत बाहेर आली. मी आई, चेहरा मला आधी वाचता आला. तिनं सांगितलं ते सरळ सांगितलं. ईश्वरी ठीक आहे. गुंडी बसवून पाहिली, पण नळी बाहेरून मोजली होती त्यापेक्षा आतून रुंद निघाली. गुंडी हलत होती, म्हणून परत काढून घेतली. मोठ्या मापाची मागवावी लागेल. ती आली की पुन्हा करू.

"म्हंजे काम झालं नाय," गणेश म्हणाला.

"आज झालं नाही," सायली म्हणाली.

गयाबाईंनी सायलीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "माशाचं येगळं असतं, बाई," त्या म्हणाल्या आणि मूठ उघडून पैंजण ज्योतीच्या हातात दिले.

मी संध्याकाळी घरी वाट बघत बसले. आता पोर रडेल, हिला काय सांगून समजूत घालू, या विचारात ठेचा जरा जास्तच तिखट झाला. सायली आली, हातपाय धुतले आणि दोन भाकरी खाल्ल्या. मला ते विचित्र वाटलं. मी नियम मोडून विचारलं, तुला वाईट नाही वाटलं?

"वाटलं की. भूकही लागली होती." मग ताट बाजूला सारून ती म्हणाली, "आई, गुंडी तिथं सोडता आली असती. चित्रात बसल्यासारखी दिसत होती. सोडण्याआधी गुंडी जिला जोडलेली असते ती तार हलकी ओढून बघायची असते, ओढली तर गुंडी सरकली. सोडली असती तर कदाचित राहिलीही असती. पण कदाचित वाहून गेली असती."

मग त्यांना हे नीट का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, सांगितलं होतं, तू तिथंच होतीस. त्यांना फक्त झालं नाही एवढंच ऐकू गेलं. आणि खरं तर मीही तिथं बसून तेवढंच ऐकलं होतं.

माझे आठ दिवस संपत आले होते. मी घरी फोन करून सांगितलं, इथं एका लेकराचं अर्धवट राहिलंय, ते झाल्याशिवाय निघवत नाही. लेकरू हा शब्द माझ्या तोंडात कधी येऊन बसला कळलं नाही. हे म्हणाले, भात मला लावता येतो.

बजाजनगर

काही दिवसांनी ज्योतीचा फोन आला. गुंडी आली आहे, दवाखान्यातून बोलावलंय, पण सासूबाई नको म्हणतात, आणि ईश्वरीचे पप्पा काहीच म्हणत नाहीत. तुम्ही येऊन सांगता का? मी म्हटलं, सांगणारी मी कोण? चहाला येते.

रिक्षावाल्याला मी वाळूज सांगितलं, तिथंच चुकलं. त्यानं मला नेऊन सोडलं ते एका कंपनीच्या फाटकाशी. पाळी सुटायची वेळ. भोंगा झाला आणि माणसांचा लोंढा बाहेर आला. बसगाड्यांच्या रांगा, मोटारसायकलींचा पूर, सगळे एकाच रंगाच्या शर्टात. आमच्याकडे एवढी माणसं शिमग्याला पालखीमागेसुद्धा नसतात. एका पहारेकऱ्यानं मला कडेला उभं केलं आणि विचारलं, कहाँ जाना है, अम्मा? मी ज्योतीला फोन लावला, तिनं गणेशला, आणि तो आपल्या मोटारसायकलवरून मला न्यायला आला.

साठीच्या घरात मी पहिल्यांदाच मोटारसायकलवर बसले. एका हातानं पदर, दुसऱ्यानं गणेशचा खांदा. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, माझा त्याला. म्हणूनच असेल, तो बोलला.

"मावशी, आमच्याकडं बोल्ट नीट बसला नाय तर पार्ट फुडं जाऊ देत नाय. लाईन थांबवावी लागती. साहेब वरडतो. म्या सोता थांबवलीया." पुढच्या वळणावर वेग कमी करून त्यानं विचारलं, "मॅडमनं तसंच केलं का?"

मी म्हटलं, मला यंत्रातलं कळत नाही आणि हृदयातलं तर त्याहून नाही. पण ती हलत होती म्हणून सोडली नाही, असं ती मला म्हणाली. त्यानं मान हलवली. होकार होता की वारा चुकवत होता, सांगता येत नाही.

दोन खोल्यांचं घर. ईश्वरी भिंतीला टेकून स्टीलच्या वाट्या एकात एक घालत होती. गयाबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, पण ताट वाढलं. येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी. गहू, ज्वारी भाजून केलेल्या येसरानं आमटीला दाटपणा येतो, नारळ लागत नाही, हे मला नवं होतं. भाकरी मला कुस्करता येईना. त्यांनी थोडा वेळ बघितलं, मग माझ्या ताटातली भाकरी ओढून स्वतः कुस्करली, वर आमटी ओतली आणि म्हणाल्या, खा.

मी खात असताना त्यांनी सांगितलं. त्यांना गणेशच्या आधी एक मुलगी होती. ती पण अशीच, खोकणारी, घामेजणारी, कधी पळाली नाही. नाळ तोडल्यापासून नाजूक हाय, असं सगळे म्हणायचे. एका पावसाळ्यात ती गेली.

"तिला कुनी नळी म्हनलं नाय," गयाबाई म्हणाल्या. "कमजोर हाय, येवढंच म्हनले. आता हिला एकदा नेलं आन् परत आनलं. परत नेलं आन् आनताच आलं नाय तर?"

त्यांच्या मुलीला हाच आजार होता की दुसरा, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. मी काटे काढायची गोष्ट सांगितली होती, ती किती पोकळ होती ते तेव्हा समजलं. एवढ्यात चुलीशी पाठमोरी बसलेली ज्योती उठली. सासूसमोर ती एरवी डोळे वर करत नसे.

"आत्याबाई, मी नेनार हाय," ती म्हणाली. "तुमच्या लेकीला कुनी सांगितलं नवतं. मला सांगितलंय."

गणेश म्हणाला, रजा टाकतो. गयाबाईंनी ताटात आणखी एक भाकरी ठेवली आणि या वेळी माझी मलाच कुस्करू दिली.

दुसऱ्यांदा

त्या दिवशीचं फार सांगण्यासारखं नाही. तोच बाक, तेच दार. पैंजण या वेळी गणेशच्या खिशात होते. सायली बाहेर आली ती आधी गयाबाईंसमोर जाऊन थांबली. म्हणाली, "आजी, बसली. ओढून पाहिली, हलली नाही. मग सोडली."

तिघांना तिनं आत नेऊन पडद्यावर दाखवलं. मला आत जायची परवानगी नव्हती, ज्योतीनं बाहेर येऊन सांगितलं ते असं. आधीच्या चित्रात रक्तात सोडलेला रंग नळीतून फुफ्फुसाकडे उडताना दिसत होता. नंतरच्या चित्रात तो नळीच्या तोंडाशी येऊन थांबला होता. ते सांगताना तिनं हात पुढे करून पंजा उभा धरला, गाडी थांबवतात तसा.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तेव्हा गयाबाई नातीच्या छातीला कान लावून बसल्या होत्या. ईश्वरीला गुदगुल्या होत होत्या. त्यांनी कान काढला, परत लावला, आणि मला म्हणाल्या, "घुरघुर नाय." मी हात ठेवून पाहिला. नुसते ठोके. कुठल्याही पोराचे असतात तसे.

मी आणखी थोडे दिवस राहिले. तपासणीला आले तेव्हा सायलीनं सगळं बघून सांगितलं, आता हिला खेळू द्या, अडवू नका. त्यावर गयाबाई तिथंच खुर्चीवर बसून राहिल्या. रविवारी हुरडा खायला करमाडला यायचं कबूल केल्याशिवाय उठणार नाही म्हणाल्या. सायली पेशंटच्या घरी जात नाही. तिनं तसं सांगूनही पाहिलं. बाहेर रांग वाढत चालली होती. शेवटी ती हो म्हणाली.

करमाड

जालन्याच्या रस्त्यानं गेलो. कंपन्यांच्या शेडा संपल्या की लगेच शेत सुरू होतं. ज्वारी माणसाच्या वर उभी. हुरडा मी ऐकून होते, खाल्ला नव्हता. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, त्यात कोवळी कणसं भाजतात आणि गरम असतानाच दोन तळव्यांत चोळून दाणे मोकळे करतात. गणेशचे हात काळे झाले होते आणि दाणे हिरवेगार. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. दाणा आधी गोड लागतो, मग धुराचा वास येतो. मी किती खाल्ला ते ह्यांना सांगितलेलं नाही. मी सोबत आगळ नेलं होतं, त्याचं सार केलं. गयाबाईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि तरी पेला संपवला.

सायली आदल्या रात्री दवाखान्यातच होती. एका तान्ह्या बाळाचं काही गंभीर होतं, इतकंच मला माहीत. तिनं हुरडा खाल्ला, ज्योतीशी बोलली, आणि कडुलिंबाखालच्या बाजेवर जरा टेकते म्हणून बसली ती झोपलीच. चप्पल पायात तशीच, तोंड थोडं उघडं. लहानपणी झोपायची तशी नाही, थकलेल्या मोठ्या माणसासारखी. मी तिला उठवायला निघाले, तर गयाबाईंनी मला खुणेनं थांबवलं. घरातून गोधडी आणली, तिच्या अंगावर घातली आणि पायातल्या चपला हळूच काढून बाजेखाली ठेवल्या.

थोड्या वेळानं ज्वारीच्या बाजूनं ईश्वरी ओरडत आली. तिच्यामागे शेळीचं करडू लागलं होतं, किंवा ती त्याच्यामागे. ज्योती सवयीनं अर्धी उठली. "पळू नको" तिच्या तोंडात आलं होतं, मला दिसलं.

गयाबाईंनी तिच्याआधी हात वर केला. "पळ, लई पळ," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पर वरडू नको. डॉक्टरीन झोपल्यात."

ईश्वरीनं बाजेकडे पाहिलं, दोन्ही हात तोंडावर दाबले, आणि तशीच पळत सुटली.